आरए फॅक्टर निगेटिव्ह, तरी आमवात : एका रुग्णाचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि निर्णयांचा क्रम प्रकरण समजण्यापुरता ठेवला आहे. हा वैयक्तिक वैद्यकीय सल्ला नाही.)

पार्श्वभूमी

रुग्ण ४३ वर्षांच्या, व्यवसाय शिवणकाम. तक्रार बोटांपासून सुरू झाली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. कात्रीच्या कड्यांत बोटं घालायची म्हटलं तरी तासभर थांबावं लागे, गरम पाण्यात हात बुडवला की जरा मोकळं वाटे. दुपारपर्यंत हात बऱ्यापैकी चालत असल्याने पहिले काही आठवडे त्यांनी ते कामाच्या ताणावर ढकललं. अंगठी निघेना तेव्हा साबण लावून काढली आणि ठेवून दिली. पायाच्या चवड्यांतही दुखत होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते तो चपलेचा दोष होता.

सातव्या आठवड्यात त्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. घरातल्या लहान मुलाला महिना-दीड महिन्यापूर्वी ताप आणि गालांवर लाल पुरळ येऊन गेलं होतं. डॉक्टरांनी हे बरोबर हेरलं. पार्व्होव्हायरस बी-१९ हा मुलांत असा ताप-पुरळ आणतो आणि मोठ्यांत, विशेषतः स्त्रियांत, दोन्ही हातांचे छोटे सांधे धरतो. चित्र अगदी आमवातासारखंच, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या आजारासारखंच दिसतं आणि बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. शंका रास्त होती.

तपासण्या झाल्या. ईएसआर ३४, सीआरपी ९ (मर्यादा ५; या दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या), युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, हातांचा एक्स-रे स्वच्छ. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी नेहमी केली जाणारी रक्तचाचणी, ११, मर्यादा १४, म्हणजे निगेटिव्ह. केसपेपरवर ओळ पडली : ‘विषाणूजन्य सांधेदुखी, आरए निगेटिव्ह’. वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि ‘नाही थांबलं तर परत या’ असं सांगितलं.

त्या परत गेल्या नाहीत. रिपोर्टच निगेटिव्ह आहे म्हटल्यावर कशाला जायचं? गोळ्या संपल्या की त्याच परस्पर आणायच्या, असं पुढचे चार महिने चाललं.

अडचण नेमकी कुठे होती

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ओळखायला रक्ताची एकच निर्णायक चाचणी नाही. आरए फॅक्टरला नाव आमवाताचं मिळालं असलं, तरी तो मोजतो वेगळीच गोष्ट : आपल्याच आयजीजी प्रतिपिंडाच्या (अँटीबॉडीच्या) शेपटाकडच्या भागाला चिकटणारं दुसरं प्रतिपिंड. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये आणि अमेरिकेत हॅरी रोझ यांनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या काळची चाचणी मेंढीच्या तांबड्या पेशींवर व्हायची. सशाच्या प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या या पेशी रुग्णाच्या सीरममध्ये गुठळ्या धरतात का, हे पाहायचं. पद्धती सुधारल्या, पण मूळ दुबळेपणा राहिला. हे प्रतिपिंड हेपॅटायटिस सीमध्ये सापडतं, शोग्रेन सिंड्रोममध्ये (डोळे आणि तोंड कोरडं पाडणाऱ्या आजारात) सापडतं, क्षयात, हृदयाच्या झडपांच्या दीर्घ जंतुसंसर्गात, आणि कुठलाही आजार नसलेल्या वयस्कांतही सापडतं. उलट आमवात असलेल्या बऱ्याच रुग्णांत ते सापडतच नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आरए फॅक्टरची संवेदनशीलता ६९ टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के निघाली. म्हणजे आमवाताच्या शंभर रुग्णांपैकी एकतीस जणांना ही चाचणी ‘निगेटिव्ह’ म्हणणार, आणि आमवात नसलेल्या शंभरांपैकी पंधरा जणांना ‘पॉझिटिव्ह’. त्या एकतीस जणांतल्या एक आपल्या रुग्ण.

दुसरी चाचणी अँटी-सीसीपी. पीएडी नावाची विकरं प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. दाह असेल तिथे हे कोणाच्याही शरीरात होतं, त्यात रोग नाही. आमवाताच्या रुग्णांचं वैशिष्ट्य असं की त्यांच्यात या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये सिट्रुलिन हेच या प्रतिपिंडांचं लक्ष्य असल्याचं दाखवलं आणि त्यातून वलयाकार कृत्रिम पेप्टाइड वापरणारी चाचणी आली. त्याच विश्लेषणात हिची संवेदनशीलता ६७ टक्के, म्हणजे आरए फॅक्टरइतकीच, पण विशिष्टता ९५ टक्के होती. रोग पकडण्यात दोघी सारख्याच. नसलेला रोग अंगावर चिकटवण्यात मात्र दुसरी बरीच कमी चुकते.

इथे एक गोष्ट सहज निसटते. दोन्ही चाचण्या तेच तेच रुग्ण पकडत नाहीत. आरए फॅक्टर निगेटिव्ह आणि अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, किंवा उलट, अशा जोड्या रोजच्या ओपीडीत दिसतात. आणि दोन्ही निगेटिव्ह असूनही आमवात असलेले रुग्ण आहेतच. त्यांना सेरोनिगेटिव्ह म्हणतात आणि निदानाला सगळ्यात जास्त उशीर त्यांनाच होतो.

पहिल्या भेटीचा हिशेब

२०१० मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांनी मिळून जे निकष दिले, त्यात दहापैकी सहा गुण झाले की रुग्ण आमवाताच्या गटात धरतात. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचं वर्गीकरण करायला केले आहेत, निदान करायला नव्हे. पण हिशेब म्हणून ते उपयोगी पडतात, म्हणून या रुग्णाचा पहिल्या भेटीचा हिशेब मागे जाऊन मांडून पाहू.

दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट, त्यांचे तळव्याकडचे सांधे, म्हणजे चार. दोन मनगटं. एकूण सहा छोटे सांधे दुखरे : ३ गुण. सीआरपी वाढलेला : १ गुण. सहा आठवड्यांहून जुनी तक्रार : १ गुण. आरए फॅक्टर निगेटिव्ह : ० गुण. बेरीज पाच.

एका गुणाने हुकलं. आणि ज्या रकान्यातून तो गुण येऊ शकला असता, तो अर्धाच भरला होता. निकषांमध्ये प्रतिपिंडांच्या रकान्यात आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. थोडं पॉझिटिव्ह असेल तर २ गुण, मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर ३. अँटी-सीसीपी मागवलंच नव्हतं.

अर्थात गुण मोजण्याआधी एक अट आहे : किमान एका सांध्याला डॉक्टरच्या हाताला लागणारी खरी सूज हवी, आणि तिला दुसरं अधिक पटणारं कारण नको. पहिल्या केसपेपरवर ‘बोटांत वेदना’ असं आहे, सुजेबद्दल काहीच नाही. ती नव्हती की पाहिली गेली नाही, हे कागदावरून ठरवता येत नाही. अंगठी निघत नव्हती यावरून अंदाज करता येतो.

दुसरी भेट : संधिवाततज्ज्ञाकडे

साडेपाच महिने झाल्यावर शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवणं जमेना. तेव्हा धाकट्या बहिणीने त्यांना आग्रहाने संधिवाततज्ज्ञाकडे नेलं. बोलणं साधारण असं झालं :

“डॉक्टर, संधिवाताचा रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे. मग हे काय आहे?”

“रिपोर्ट बघतो, पण आधी हात बघू द्या. आणि चपला काढा, पायही बघायचेत.”

तपासणीत ओपीडीतली दोन मिनिटं गेली. हस्तांदोलन करताना धरतात तसा पंजा आडवा धरून बोटांच्या मुळाशी हलकं दाबलं, तशा त्या कळवळल्या. दाबलं की लिबलिबीत लागणारी सूज एकूण आठ सांध्यांना होती : बोटांच्या मुळाशी चार, दोन मनगटं, उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका यांच्या मधल्या पेरांचे दोन. दुखरे सांधे अकरा, त्यात एक खांदा. शिवाय दोन्ही चवडे दाबल्यावर दुखत होते.

आता तोच हिशेब पुन्हा. पायाचे सांधे धरून दहापेक्षा जास्त सांधे : ५ गुण. सीआरपी : १. कालावधी : १. सात झाले, आणि प्रतिपिंडांचा रकाना अजून शून्यावरच आहे. अँटी-सीसीपीचा रिपोर्ट यायच्या आत आमवात म्हणण्याइतका पुरावा हातांपायांतच जमा झाला होता.

कोणते पर्याय होते

पहिला, विषाणूजन्य म्हणून आणखी थांबणं. तो लगेच बाद झाला. पार्व्होव्हायरसच्या सांधेदुखीला साडेपाच महिने हा फार काळ होतो. आता त्याची आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारं प्रतिपिंड) चाचणी करण्यातही अर्थ उरला नव्हता, कारण तो संसर्ग झाला असला तरी एवढ्या काळात आयजीएम बहुधा ओसरलेलं असतं. निगेटिव्ह आलं असतं तर त्यातून काहीच कळलं नसतं. चिकनगुनियासारखे काही विषाणू महिनोन्‌महिने सांधे धरून ठेवतात, पण तसा ताप, अंगदुखी असा इतिहास नव्हता.

दुसरा, तपासणीच्याच आधारावर त्याच दिवशी पूर्ण उपचार सुरू करणं. तिसरा, आठवडाभर थांबून अँटी-सीसीपी, पायांचा एक्स-रे आणि औषधाआधीच्या तपासण्या करून घेणं. डॉक्टरांनी तिसरा निवडला, पण मधल्या आठवड्यासाठी कमी मात्रेत स्टेरॉइड दिलं.

निदान जवळपास पक्कं असताना अँटी-सीसीपी कशाला, हा प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर रोगाच्या पुढच्या चालीशी संबंधित आहे. अँटी-सीसीपी जास्त असलेल्या रुग्णांत हाडांची झीज लवकर आणि जास्त होते. आरए फॅक्टर खूप जास्त असेल तर त्वचेखालच्या गाठी, रक्तवाहिन्यांचा दाह, फुप्फुसाचा त्रास यांवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे हा आकडा उपचार किती जोरात सुरू करायचे आणि पहिलं औषध कमी पडलं तर किती दिवस वाट पाहायची, हे ठरवायला मदत करतो. माझ्या मते या चाचणीचा हा उपयोग निदानाइतकाच मोलाचा आहे, आणि रुग्णाला तो क्वचितच कोणी समजावून सांगतं.

काय निघालं

अँटी-सीसीपी १८६, मर्यादा २०. नऊपटीहून जास्त. हेपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, यकृत आणि मूत्रपिंड ठीक, छातीचा एक्स-रे स्वच्छ.

हातांचा एक्स-रे पुन्हा स्वच्छ. पायांचा मात्र नाही. डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, पाचव्या मेटाटार्सलच्या (पावलातल्या लांब हाडाच्या) टोकाला हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. आमवातात झीज पुष्कळदा पहिल्यांदा इथेच उमटते आणि हात स्वच्छ असतानाही दिसू शकते. पण रुग्ण हाताची तक्रार घेऊन येतो, म्हणून एक्स-रे हाताचाच काढला जातो.

रोगाचा जोर सीडीएआय या निर्देशांकाने मोजला. त्यात ठरलेल्या २८ सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती, रुग्णाच्या मते त्रास दहापैकी किती आणि डॉक्टरांच्या मते किती, यांची नुसती बेरीज असते. रक्ताची एकही चाचणी लागत नाही. अकरा, आठ, सहा आणि पाच : बेरीज ३०. बावीसच्या वर गेलं की रोग जोरात आहे असं धरतात. त्या २८ मध्ये पाऊल आणि चवडे येत नाहीत, म्हणजे या रुग्णाचा खरा त्रास आकड्यापेक्षा थोडा जास्तच होता.

उपचार

मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताला आवर घालणारं नेहमीचं पहिलं औषध, आठवड्यातून एकदाच, १५ मिलिग्रॅमपासून. वार ठरवून दिला आणि तो चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिला, कारण हे औषध चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक अ‍ॅसिड. गर्भधारणेची शक्यता विचारली, कारण या औषधावर असताना गर्भ राहणं धोक्याचं आहे. स्टेरॉइड कमी करत तीन महिन्यांच्या आसपास बंद करायचं ठरलं. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला लवकर लवकर, नंतर अंतराने.

उद्दिष्ट आधीच सांगून ठेवलं : तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा आणि सहा महिन्यांत रोग शांत किंवा अगदी मंद. तसं झालं नाही तर, अँटी-सीसीपी जास्त आणि झीज सुरू झालेली असल्याने, बायोलॉजिक (दाहाच्या ठरावीक दुव्यावरच काम करणारं, जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) किंवा तत्सम औषधाचा विचार लगेच करायचा.

दहाव्या आठवड्यात गोळीने मळमळ फार होऊ लागली. मात्रा २० मिलिग्रॅमपर्यंत गेली होती. गोळीऐवजी त्वचेखाली इंजेक्शन सुरू केलं आणि प्रश्न मिटला. चौथ्या महिन्यात सीडीएआय ८ वर आला, म्हणजे मंद रोगाच्या पट्ट्यात. स्टेरॉइड बंद झालं होतं. दोरा ओवता येत होता.

मध्येच आलेला एक रिपोर्ट

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. मग त्यांनी स्वतःहून, डॉक्टरांना न विचारता, दुसऱ्या लॅबमध्ये अँटी-सीसीपी करून घेतलं. रिपोर्ट आला : ‘३४० पेक्षा जास्त’.

रात्री बहिणीचा फोन. “ताई म्हणतेय औषध लागू पडत नाहीये, रोग दुप्पट झालाय. इंजेक्शन बंद करायचं का?”

इथे तीन गोष्टी एकत्र गुंतल्या होत्या. पहिली, दोन लॅबचे किट वेगळे होते. अँटी-सीसीपीच्या किटच्या वेगवेगळ्या पिढ्या वापरात आहेत, त्यांचं युनिट प्रत्येक उत्पादकाने आपापलं ठरवलेलं असतं. एका किटचे १८६ आणि दुसऱ्याचे ३४० यांची वजाबाकी करता येत नाही. दुसरी, ‘पेक्षा जास्त’ याचा अर्थ किटची मोजपट्टी तिथे संपली, एवढाच. खरा आकडा ३४१ असेल किंवा ९००, रिपोर्टमधून कळत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही प्रतिपिंडं तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींपैकी काही दीर्घायुषी असतात. मेथोट्रेक्सेटने दाह शमला तरी त्या पेशी आपलं काम चालू ठेवू शकतात. त्यामुळे सांधे मोकळे झाले तरी अँटी-सीसीपी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं. आरए फॅक्टर उपचारांनी त्या मानाने जास्त उतरतो, पण तोही रोजच्या निर्णयांसाठी भरवशाचा नाही. रोग आज किती आहे हे सांध्यांवरून, ईएसआर-सीआरपीवरून आणि रुग्णाच्या सकाळवरून ठरतं.

पर्याय तेव्हाही तीन होते : पहिल्याच लॅबमध्ये चाचणी पुन्हा करून तुलना करणं, औषध वाढवणं, किंवा आकडा बाजूला ठेवून सांधे मोजणं. पहिला पर्याय सौम्य वाटतो, पण तो डॉक्टरांनी मुद्दाम टाळला. पुन्हा केलेली चाचणी १७० आली असती तर समाधान आणि २१० आली असती तर पुन्हा घबराट, आणि दोन्हींचा उपचाराशी संबंध शून्य. त्यांनी रुग्णाला बोलावून सांधे पुन्हा मोजले. सुजलेला एकच होता, उजवं मनगट. औषध होतं तेच ठेवलं.

हा निर्णय मला पटतो, पण एक राहून गेलं. पहिल्या रिपोर्टच्या दिवशीच ‘ही चाचणी पुन्हा करायची नाही’ असं सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती. मधुमेहाचा रुग्ण साखर मोजतो, थायरॉइडचा रुग्ण टीएसएच मोजतो. एकदा आकडा हातात दिला की तो खाली येतो का हे पाहावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

बहिणीची चाचणी

त्याच सुमारास धाकट्या बहिणीनेही, वय ३६, घाबरून स्वतःची अँटी-सीसीपी चाचणी केली. ४१, मर्यादा २०. थोडी पॉझिटिव्ह. एकाही सांध्याला सूज नाही, सकाळचं आखडणं नाही, सीआरपी नॉर्मल. सिगारेट ओढते, रोज आठ-दहा.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच.

साध्या लोकसंख्येचा हिशेब आधी पाहू. हजार माणसांत आमवाताचे साधारण दहा रुग्ण धरले आणि सगळ्यांची अँटी-सीसीपी केली, तर त्या दहांपैकी सहा-सात पकडले जातील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे जवळपास पन्नास जणही पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे तक्रार नसताना केलेल्या पॉझिटिव्ह रिपोर्टांतले बहुतेक आमवाताचे नसतात. आरए फॅक्टर केला असता तर असे खोटे पॉझिटिव्ह दीडशेच्या घरात गेले असते.

पण ही बहीण साध्या लोकसंख्येतली नाही. सख्ख्या बहिणीला आमवात आहे, म्हणजे तिचा धोका मुळातच जास्त. धूम्रपानाने तो आणखी वाढतो, विशेषतः एचएलए-डीआरबी१ जनुकाचे ठरावीक प्रकार असलेल्यांत. शिवाय ही प्रतिपिंडं लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी रक्तात येऊ शकतात. नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवरचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांना पुढे आमवात झाला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांच्या रक्तात लक्षणांआधीच आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी होतं, आणि ते साधारण साडेचार वर्षं आधीपासून. म्हणजे ४१ हा आकडा उडवून लावण्यासारखा नाही, आणि त्यावर रोगाचं नाव लिहिण्यासारखाही नाही.

बहिणीची मागणी स्पष्ट होती : “ताईला उशीर झाला. मला आत्ताच औषध द्या.”

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे सौम्य औषध सुरू करावं का? अँटी-सीसीपी जास्त असलेल्या पण सूज नसलेल्या लोकांवर त्याची चाचणी झाली आहे, आणि आमवात रोखण्यात ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही. अ‍ॅबॅटासेप्ट या बायोलॉजिक औषधावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत रोग पुढे ढकलला गेला असं दिसलं, पण त्यातले लोक सांधेदुखी असलेले होते, आणि औषध थांबल्यावर काही काळाने तो फायदा ओसरताना दिसला. तक्रारच नसलेल्या, थोड्या पॉझिटिव्ह बहिणीला ते देण्याला आधार नाही.

म्हणून औषध दिलं नाही. सिगारेट सोडायला मदत केली आणि हिरड्यांची तपासणी सुचवली, कारण हिरड्यांच्या जुनाट आजाराचा या प्रतिपिंडांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. काय झालं की थांबायचं नाही, हेही लिहून दिलं : बोटांच्या मुळाशी सूज, अर्ध्या तासाहून जास्त सकाळचं आखडणं, पंजा दाबल्यावर दुखणं. एरवी सहा महिन्यांनी भेट.

वर्षानंतर

मोठ्या बहिणीचा सीडीएआय ४ वर होता. २.८ च्या खाली आला तर रोग पूर्ण शांत मानतात, तेवढं झालं नव्हतं. उजवं मनगट मागे पूर्ण वाकत नाही आणि जाड कापड कापताना अजून बोचतं. पायाची झीज एका वर्षात वाढली नाही, पण झालेली झीज भरूनही निघाली नाही. ती त्या मधल्या चार महिन्यांतली की आधीची, हे कोणी सांगू शकत नाही, कारण पहिल्या भेटीत पायांचा एक्स-रे काढलाच नव्हता. युरोपीय संघटनेच्या शिफारशीनुसार अशा रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाने पाहावं आणि तीन महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावं. इथे औषध सुरू व्हायलाच जवळपास दुप्पट वेळ गेला.

धाकटीला अजून सूज आलेली नाही. सिगारेट सुटली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा सुटली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत प्रतिपिंडांच्या दोन्ही चाचण्या एकदम मागवायच्या होत्या, किंवा किमान आरए फॅक्टर निगेटिव्ह आल्यावर दुसरी मागवायची होती. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही आरए फॅक्टर निगेटिव्ह आल्यावर दुसरीचा विचार करायला सांगतात, आणि त्यांचा पुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : हातापायांच्या छोट्या सांध्यांना न ओसरणारी सूज असेल तर प्रतिपिंडं निगेटिव्ह आणि सीआरपी नॉर्मल असला तरी तज्ज्ञाकडे तातडीने पाठवा. चिठ्ठी लिहायला रिपोर्टची परवानगी लागत नाही. फॅमिली डॉक्टरांनी पंजा दाबून पाहिला असता आणि सूज हाताला लागली असती, तर अँटी-सीसीपी न करताही रुग्ण वेळेत पोचल्या असत्या.

दुसरं, ‘नाही थांबलं तर परत या’ या वाक्याला तारीख हवी होती. विषाणूजन्य शंका असेल तर ‘चार आठवड्यांनी, बरं वाटत असलं तरी, हात दाखवायला या’ असं सांगता येतं. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असलेला रुग्ण आपणहून परत येत नाही.

तिसरं काम लॅबचं. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला की रिपोर्टखाली ‘यावरून आमवात नाकारता येत नाही’ अशी एक ओळ छापायला काही लागत नाही. अँटी-सीसीपीच्या रिपोर्टवर किटचं नाव आणि ‘वेगळ्या पद्धतीच्या आकड्यांशी तुलना करू नये’ ही सूचना असेल, तर रात्रीचे फोन कमी होतील. काही लॅब हे करतात.

सध्याचा प्रश्न

वर्षाच्या भेटीत रुग्णाने विचारलं, आता औषध बंद करता येईल का? इथे अँटी-सीसीपीचा तो पहिला आकडा पुन्हा उपयोगी पडला. तो जास्त असलेल्या रुग्णांत औषध थांबवल्यावर रोग उसळण्याची शक्यता जास्त असते, आणि या रुग्णात तर रोग पूर्ण शांतही झालेला नाही. त्यामुळे बंद करण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवला. मेथोट्रेक्सेट २० मिलिग्रॅमवरच चालू आहे. सीडीएआय सलग सहा महिने २.८ च्या खाली राहिला तर मात्रा अडीच मिलिग्रॅमने कमी करून पाहायची, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत हातांबरोबर पायही तपासायचे, असं ठरलं आहे.